नाव न लागता कुत्रं-मांजर सांभाळण्याची सोपी पद्धत

(नवशिक्यांसाठी. भिगवण आणि पंचक्रोशीत हमखास लागू पडते.)

भिगवणात भटकं कुत्रं एकही नाही, हे नवशिक्यानं आधी डोक्यात पक्कं करावं. एसटी स्टँडवरचं घ्या, रेल्वे स्टेशनात बाकाखाली झोपलेलं घ्या, नाहीतर मासळीचा लिलाव उरकल्यावर ओल्या फरशीवर हिंडणारं घ्या. शेजारच्या माणसाला विचारा, "हे कुणाचं ओ?" उत्तर येतं, "हितलंच हाय." मदनवाडीत विचारा, तक्रारवाडीत विचारा, उत्तरात काना-मात्रेचा फरक पडत नाही. त्या कुत्र्याला चहावाला राजा म्हणतो, वडापाववाला टायगर म्हणतो, शाळेतली पोरं मोत्या म्हणतात, आणि ते तिन्ही नावांना इमानानं शेपूट हलवतं. तीन दारी जेवतं. मात्र त्याला गाडीनं उडवलं, किंवा ते कुणाला चावलं, की त्या घटकेपासून ते कुणाचंच नसतं.

या व्यवस्थेला तोड नाही. मुक्या जनावराला घास घातल्याचं पुण्य पदरात पडतं, खर्च चतकोर भाकरीचा, आणि कागदोपत्री आपण कुठंच नाही. शहरातली माणसं हेच काम फॉर्म भरून, आधार कार्ड जोडून, घरी पाहणी करून घेऊन करतात आणि त्याला दत्तक घेणं म्हणतात. आपल्याला एवढ्या खोलात शिरायचं नाही. खालच्या सूचना नीट पाळल्या तर माणूस जन्मभर कुत्र्या-मांजरांत राहूनही एकाचाही मालक ठरणार नाही.

पिल्लू निवडताना

पिल्लू हातात घेतलं की पहिला प्रश्न विचारायचा, "कुत्रा हाय का कुत्री?" डोळ्यात पू आहे का, पोट फुगलंय का, अंगावर किती गोचीड आहेत, हे सगळं नंतर. कुत्री निघाली तर पिल्लू हळूच खाली ठेवावं आणि हात पँटला पुसावेत. कारण कुत्रीला पिल्लं होतात. पिल्लं कुत्र्यालाही होतात, पण ती दुसऱ्याच्या दारात होतात, म्हणून ती मोजायची नसतात.

या एका प्रश्नावर गावाचं सगळं गणित उभं आहे. कुत्री बहुधा वर्षातून दोनदा माजावर येते, दोन महिन्यांत विते, आणि एका खेपेला चार-सहा पिल्लं सहज देते. त्यातले नर डोळे उघडायच्या आत ठरलेले असतात. एक पोल्ट्रीवर, एक वस्तीवर, एक मुकादमाच्या मेहुण्याकडे. माद्या उकिरड्यावर राहतात. जगल्या-वाचल्या तर वर्ष उलटायच्या आत त्याही माजावर येतात. म्हणजे नर नेमके वेचून माद्या रस्त्यावर ठेवायचं काम आपणच पिढ्यान्‌पिढ्या मन लावून करत आलो आहोत, आणि "गावात कुत्री लई झाली" ही तक्रारही आपलीच असते. तक्रार खरी आहे. कुत्रीच झाली आहेत.

ज्यांना गावठी नकोच असतं त्यांची गोष्ट निराळी. ते पैसे मोजून लॅब आणतात, जर्मन आणतात. हौस फिटली की या कुत्र्यांचा प्रवास पुढं कसा होतो ते पुणे-सोलापूर हायवेवरच्या ढाब्यांना माहीत असतं. ढाब्यामागं एखाद्या सकाळी भलं मोठं पिवळं कुत्रं उभं असतं, मानेवर पट्ट्याचा वळ असतो, आणि ते येणाऱ्या प्रत्येक चारचाकीच्या दारापाशी जाऊन बसतं. त्याला भाकरी कशी खातात तेही माहीत नसतं. पण दोन-चार दिवसांत तेही हितलंच होतं.

चार दिवस

सांभाळाची मुदत सांगताना नेहमी "चार दिवस" म्हणावं. घरात पिल्लू शिरतं ते याच परवान्यावर.

"आत्या, पोरानं पिल्लू आणलंय ओ."

"कशाला आणलं ते? आधीच घरात कमी हायेत का? ऱ्हाऊ दे चार दिस, मग दे म्हणावं सोडून."

संध्याकाळी याच आत्याबाई ताटलीत दूध-भाकरी कुस्करताना दिसतात, पण ते "उरलं हुतं म्हणून." इथपर्यंत पद्धत बिनचूक चालली आहे. घोळ होतो तो कॅलेंडरचा. पिल्लू आईपासून तोडायचं तर किमान आठ आठवड्यांचं हवं. बाहेरून आणलेलं जनावर पहिले दोन आठवडे घरातल्या बाकी जनावरांपासून वेगळं ठेवायचं, कारण पार्व्हो आणि डिस्टेंपर हे रोग अंगात असले तरी लगेच दिसत नाहीत. पार्व्होनं रक्ताची हगवण लागली की पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं, आणि त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. गेल्या साली ज्या कोपऱ्यात एक पिल्लू गेलं त्याच कोपऱ्यात यंदाचं बांधू नये. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, रेबीजची तीन महिन्यांनंतर, मधे मधे जंताचं औषध. बेरीज केली तर चार दिवसांचे चार महिने होतात. म्हणून बेरीज करू नये.

डोळे न उघडलेलं पिल्लू सापडलं तर उत्साही माणसं त्याला उताणं धरतात आणि ड्रॉपरनं गाईचं दूध तोंडात सोडतात. दूध फुप्फुसात जातं, पिल्लू मरतं, आणि "त्याचं आयुष्यच तेवढं" असं म्हणून प्रकरण मिटतं. मिटवायचं नसेल तर आधी ऊब द्यायची. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवायची. थंड पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पाजायचं ते पालथं धरून, पिल्लांसाठीचं दूध मिळत असेल तर तेच, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पाजून झालं की ओल्या कापसानं त्याचं बूड पुसायचं, कारण एवढ्या लहान पिल्लाला आईनं चाटल्याशिवाय लघवी होत नाही. एवढं सगळं करायला घरात एकच माणूस तयार होतं. ते माणूस कोण असतं ते सांगत नाही. पिल्लू आणणारा कधीच नसतो.

खाऊ घालणं

खाऊ घालण्यात आपण मागं नाही. रविवारी तर कुंभारगाव-डिकसळला उजनी धरणाच्या काठावर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. थंडीच्या दिवसांत रोहित पक्षी बघायला आलेली ही मंडळी होडीतून उतरली की काठावरच्या कुत्र्यांना बिस्किटाचे पुडे फोडून घालतात. पुडा संपतो, गाडी निघून जाते, कुत्री तिथंच राहतात. मग सोमवार ते शनिवार ती काय खातात? उजनीचं पाणी उन्हाळ्यात मागं सरतं तसा गाळाचा उघडा पट्टा पडतो, त्यावर टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, आणि कुत्र्यांना रविवारपर्यंत थांबायची सवय नसते. पक्ष्यांवर प्रेम आणि कुत्र्यांवर प्रेम एकाच सहलीत उरकणाऱ्यांनी हे मनाला लावून घेऊ नये.

इंदापूर तालुक्याच्या कोरड्या बाजूला, कडबनवाडीच्या माळरानावर, लांडगे आहेत. तिथं आपल्या मोकाट कुत्र्यांची दुसरीच भानगड आहे. त्यांचे रोग लांडग्यांना लागू शकतात. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मेले, त्यातल्या काहींच्या अंगात कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपरचाच विषाणू सापडला होता. शिवाय पुणे जिल्ह्याच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून पुढं आलं आहे. म्हणजे आपण ज्याला "हितलंच" म्हणतो त्याची सोयरीक कुठवर गेली आहे याचा पत्ता आपल्याला नाही.

घरच्या ताटलीचं बोलू. ज्वारीची भाकरी चालते, ताक-भाकरी चालते, अंडं चालतं. माशाची डोकी उकडून, काटे काढून दिली तर उत्तम. तिखट रश्शात बुडवलेली भाकरी दिली की कुत्रं खातं, पण ते भुकेपोटी, आवडीनं नव्हे. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट यांपासून लांब ठेवावं. ही सगळी कुत्र्याला विषासारखी बाधतात, आणि मसाल्याच्या वाटणात कांदा-लसूण नाही असं घर आपल्याकडे सापडायचं नाही. भिगवणची खास सूचना अशी की कुत्रं-मांजर अचानक लाळ गाळायला लागलं, तोंडावर पंजे मारायला लागलं, तर तोंडात माशाचा गळ अडकला आहे का ते पाहावं. गळ दिसला तर ओढू नये, बाहेर लोंबणारी दोरीही ओढू नये. डॉक्टर गाठावा.

आणि डॉक्टर म्हटलं की या पद्धतीचा कस लागतो.

केसपेपर

पशुवैद्यकीय दवाखान्यात म्हशी येतात, शेळ्या येतात, खिलारी बैल येतात, आणि प्रत्येकाबरोबर एक माणूस छाती पुढं काढून येतो. कुत्र्याबरोबर पाच माणसं येतात. रिक्षातून उतरवायला पाच, धरायला पाच, "आरं हळू" म्हणायला पाच. टेबलावरून प्रश्न येतो, "मालकाचं नाव?" की पाचही जण एकदम बाहेर पडणाऱ्या पावसाकडे बघायला लागतात. पाऊस नसला तरी.

नवशिक्यानं इथं घाबरून स्वतःचं नाव सांगू नये. पूर्वसुरींनी काही वाटा घालून दिल्या आहेत. "लिहा ग्रामपंचायत" ही एक. कायद्यानं ती अगदीच चूक नाही. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे २०२३ चे नियम रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थांवरच सोपवतात, त्यात ग्रामपंचायतीही येतात. "लिहा खंडोबा" ही दुसरी. जेजुरी आपल्यापासून लांब नाही, देवाच्या पायाशी कुत्रं आहेच. दत्ताच्या तसबिरीत तर चार आहेत. त्या चौघांना कुणी लस टोचली, हे विचारण्याइतका आगाऊपणा अजून कुठल्या डॉक्टरनं केलेला नाही.

नाव लिहायला एवढं भ्यायचं कारण काय, याचा विचार मी बराच केला. पैशाचं कारण लंगडं आहे. ज्या माणसानं राजाला पाच वर्षं रोज बिस्किटाचा पुडा घातला त्याचे बिस्किटातच लसीच्या कित्येक पट पैसे गेले आहेत. भीती पुढच्या प्रश्नाची आहे. नाव लिहिलं की दुसऱ्या डोसला आपणच यायचं. ते कुणाला चावलं की लोक आपल्याच दारात येणार. त्यानं कुणाची कोंबडी धरली तर पैसे आपणच भरायचे. ते मेलं तर खड्डा आपणच खणायचा.

बिननावाच्या कुत्र्याचं काय होतं, ते मुंबईनं एकदा मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. १८३२ मध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी बेवारशी कुत्री मारायची मोहीम चालवली, दर कुत्र्यामागं बक्षीस ठेवलं. बक्षिसापायी शिपाई लोकांच्या घरची कुत्रीही मारायला लागले. त्यावर पारशी समाज बिथरला, दुकानं बंद झाली, कुलाब्याच्या गोऱ्या फौजेची रसद अडली. पारशी धर्मात कुत्र्याला मान आहे म्हणून ते भांडले, आपल्याकडे खंडोबाला आहे, दत्ताला आहे, पण आपण भांडायला उभे राहिलो तर पहिलाच प्रश्न "तुमचं का ते?" असा येईल, आणि आपलं उत्तर ठरलेलं आहे.

जाता जाता, जनावर उचलून नेता येत नसेल तर १९६२ या नंबरवर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करता येतो. पण तिथंही नाव विचारतात.

चावल्यावर

या भागात गंमत नाही, म्हणून सरळ लिहितो. कुत्रं किंवा मांजर चावलं, नखं लागली, किंवा जखमेवर लाळ लागली, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. हळद, मिरची, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. नंतर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. लस शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवशी दंडाच्या कातडीत देतात. दंडाच्या स्नायूत घेतली तर चौदाव्या दिवसाचाही एक डोस असतो. जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते मागून घ्या. पोटातली चौदा इंजेक्शनं, ज्यांना भिऊन म्हातारी माणसं अजून मांत्रिकाकडे जातात, ती २००४-०५ च्या सुमाराला देशातून बंद झाली. "दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवा" हे खरं आहे, पण लक्ष ठेवता ठेवता लस चालू हवी. रेबीजची लक्षणं माणसात दिसली की जवळपास कुणी वाचत नाही.

आणि दहा दिवस लक्ष ठेवायचं कुणी? त्या सकाळी राजा, टायगर आणि मोत्या ही तिन्ही नावं गावातून नाहीशी झालेली असतात.

मांजर

मांजराचा सांभाळ सोपा, कारण त्याला आपण सांभाळतोय असं मांजराला वाटतच नाही. म्हण आहे, कुत्रं माणसाला धरतं आणि मांजर घराला. भिगवणात त्यात दुरुस्ती करायला हवी: मांजर खानावळीला धरतं. चिलापी तळल्याचा वास सुटला की टेबलाखाली चार डोळे चमकतात, आणि गिऱ्हाईक नवखं असेल तर अर्धा मासा त्यांच्याच वाट्याला जातो. खरी अडचण माळकरी घराची. गळ्यात तुळशीची माळ, घरात मासळी वर्ज्य, आणि मनी मात्र शेजारच्या कोळ्याच्या ओट्यावरून मिशा पुसत येते. या घरांनी दूध-भातावर मांजर ठेवायचा प्रयत्न करू नये. मांजराला मांसातलं टॉरिन लागतंच. ते मिळालं नाही तर डोळे आणि हृदय जातं. देवाला मनीची माळ तपासायची नसते.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणून कुणी मारत नाही, पण तापाची पॅरासिटामॉलची अर्धी गोळी मायेनं देऊन मारतात; मांजराला ती जीवघेणी आहे. गोठ्यातलं गोचिडाचं औषध अंगाला चोळूनही मारतात. दोन्हींना काशी लागत नाही असा समज आहे.

मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की पिल्लांना तयार होते. तिचं ऑपरेशन होतं, हे अजून बऱ्याच जणांना थट्टा वाटते.

परत सोडून येणं

चार दिवसांचे चार महिने झाले, पिल्लानं चपला फाडल्या, शेजारच्या वहिनींशी भांडण झालं. आता पोतं. पद्धतीत पोत्याला मानाचं स्थान आहे. रात्री पोतं मोटारसायकलवर घ्यायचं, कालवा किंवा ओढा ओलांडायचा, म्हणजे वास तुटतो आणि जनावर परत येत नाही. दुसऱ्या गावचं शिवार, हायवेच्या कडेला लागलेला ढाबा, नाहीतर मासळी बाजार बरा. "तिथं खायला मिळंल त्याला" हे वाक्य गाडीला किक मारताना म्हणावं. अशानं गावातलं कुत्रं कमी होतं ही समजूतही पद्धतीचाच भाग आहे. त्याच वेळी पलीकडच्या गावातलं पोतं आपल्या शिवारात रिकामं होत असतं, आणि रस्त्यात दोन्ही मोटारसायकली एकमेकींना लाइट देऊन जातात.

कायद्याची धास्ती वाटत असेल तर आकडे सांगतो. प्राण्यांना निर्दयतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. जनावर उपाशी-तहानेलं पडेल अशा ठिकाणी सोडून देणं हा त्यात गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत भिगवणात माशाची थाळीही येत नाही. मारलं किंवा लुळं-पांगळं केलं तर मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. त्यामुळं सोडून देणारे मारत नाहीत. ते काम हायवेवरचे ट्रक करतात, आणि ट्रकवर गुन्हा कोण दाखल करणार? फिर्यादीला नाव लागतं.

सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये यात बराच हात घातला. २२ ऑगस्टच्या आदेशात म्हटलं, ज्याला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं त्यानं पालिकेकडे अर्ज करावा, आणि ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्याच माणसावर. ७ नोव्हेंबरला सांगितलं की शाळा, दवाखाने, बस स्थानकं, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचलावीत, नसबंदी आणि लस करून निवाऱ्यात ठेवावीत, परत तिथं आणू नयेत. स्टँडवरच्या राजाला हे कुणीतरी वाचून दाखवायला हवं. तो सध्या फलाटावर चौकशीच्या खिडकीखाली झोपतो.

पुण्याला देणं

कुणी म्हणतं, पुण्यात मोठमोठ्या संस्था आहेत, तिकडं देऊन टाका. आहेत खऱ्या. नेहा पंचमिया यांनी २००७ मध्ये सुरू केलेला रेस्क्यू ट्रस्ट आहे, जखमी जनावरांवर उपचार करतो, बरी झालेली दत्तकही देतो. पण भिगवण ते पुणे शंभर किलोमीटर, आणि प्रत्येक गावानं आपलं पोतं तिथं रिकामं करायचं म्हटलं तर त्या संस्थेला बारामतीपर्यंत पत्रे ठोकावे लागतील. शहरातून दत्तक घेणारी माणसं चांगली असतात. ती फोनवर विचारतात, "ब्रीड काय?" आपण म्हणतो, "गावठी." ती म्हणतात, "अच्छा, इंडी." मग फोटो मागतात, लस कार्ड मागतात, नसबंदी झाली का विचारतात. लस कार्डावर मालकाचं नाव कोरं असतं. तिथं बोलणं थांबतं.

या लोकांच्या चौकशांना आपल्याकडे नाकं मुरडतात. मला त्या पटतात. घर भाड्याचं आहे का, घरमालकाची परवानगी आहे का, घरातल्या सगळ्यांना हवं आहे का, गावाला गेलात तर कोण बघेल, याला पंधरा मिनिटं लागतात. आपण मोटारसायकल घेताना यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो.

हंगाम संपताना

शेवटची सूचना ऋतूची. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखाने पेटतात. शेटफळगढे, भवानीनगर, माळेगाव, सगळीकडे. बीड-धाराशिवकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ कोप्या पडतात, आणि टोळीबरोबर कुत्री असतात. कोपीला दार नसतं, नवरा-बायको कोयता घेऊन अंधारात फडात, लेकरं पाचटावर, राखण कुत्र्याचीच. उसात बिबट्या असण्याच्या दिवसांत तर ती राखण शोभेची नाही. चार-पाच महिन्यांत कुत्री विते. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की टोळी उचल फेडून निघते. ट्रॉलीत संसार, भांडी, शेळ्या, म्हातारी, लेकरं, आणि जागा झालीच तर कुत्री. तिची सगळी पिल्लं मावत नाहीत. हे त्यांचं निर्दयपण नाही, ट्रॉलीचं माप आहे. त्यातले नर आपल्या वस्त्यांवर आधीच गेलेले असतात.

म्हणून यंदा पट्टा पडला की जवळच्या फडाच्या बांधावर एक चक्कर टाका. पाचटात माद्याच राहिलेल्या दिसतील. त्यातली एक उचला. दोन आठवडे वेगळी ठेवा, आठव्या आठवड्याच्या आसपास पहिली लस द्या, तीन महिन्यांनंतर रेबीजची. सहा महिन्यांची झाली की माजावर यायच्या आत ऑपरेशन करून घ्या. केसपेपरवर तुमचं नाव सांगा, वडिलांच्या नावासकट, आणि मोबाइल नंबर खरा द्या, कारण पुढच्या डोसची तारीख त्याच नंबरवर कळवतात.